तिजोरी उघडली, सिनेमा अडकला : ‘मास्टरमाइंड्स’

चोरीच्या सिनेमात तिजोरी उघडायची कशी हा मोठा पेच असतो. खऱ्या चोरीवर बेतलेल्या ‘मास्टरमाइंड्स’ या हॉलिवूडपटात तो नाहीच, कारण किल्ल्या चोराच्याच ताब्यात. ४ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये, शार्लट शहरात, लूमिस फार्गो या रोकड वाहतुकीच्या कंपनीतला तिजोरीचा सुपरवायझर डेव्हिड गँट यानं हाताखालच्या नवख्याला लवकर घरी धाडलं आणि सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलर कंपनीच्याच व्हॅनमध्ये भरले. पेच त्यानंतरचा : एवढं उचलायचं कसं आणि ठेवायचं कुठे?

डॉलरची नोट साधारण एक ग्रॅमची. सगळी रक्कम वीसच्या नोटांत धरली तरी ८ लाख ६५ हजार नोटा, म्हणजे ८६५ किलो. त्यात लहान नोटा मिसळल्या की वजन आणखी चढतं. साथीदारांच्या गाडीत सगळं मावेना, म्हणून सुमारे ३३ लाख डॉलर व्हॅनमध्येच टाकून जावं लागलं. दिग्दर्शक जेरेड हेस इथं मस्त रमलाय. गँट झालेला झॅक गॅलिफिनाकिस पॅन्ट सावरत नोटांचे गठ्ठे ओढतो. लेझर नाहीत, हॅकर नाही, निव्वळ हमाली. कॅमेऱ्यांच्या दोन टेप तो आठवणीनं काढून नेतो, तिसरा कॅमेरा मात्र चालूच राहतो. हा विनोद लेखकांना सुचलेला नाही बरं का, तसंच घडलं होतं.

नंतर मात्र घसरण सुरू होते. मूळ प्रकरणच इतकं अचाट आहे की त्यावर मसाला घालायची गरज नव्हती. ट्रेलर-घरात राहणारा टोळीचा म्होरक्या चोरीनंतर थेट बंगल्यात जातो, यापेक्षा पोलिसांना आणखी काय हवं? पैसा लपवणं हे पैसा चोरण्यापेक्षा अवघड काम, आणि सिनेमानं नेमकं तेच झटपट उरकलंय. वाचलेला वेळ गेलाय, गँट पळून जातो त्या मेक्सिकोतल्या पाठलागांवर आणि आरडाओरड्यावर. जेसन सुडेकिसचा भाडोत्री मारेकरी बरा आहे, पण त्याचे प्रसंग ताणलेत. क्रिस्टन विगला तर बहुतेक वेळ सरळ चेहऱ्यानं उभंच केलंय. कमी वेळात बाजी मारते ती केट मॅकिनन. नायकाच्या वाग्दत्त वधूच्या भूमिकेत ती साखरपुड्याच्या फोटोंसाठी जे न मिचकणारे डोळे लावून बसते, तेवढ्यासाठी सिनेमा मागे नेऊन पुन्हा बघावा.

सिनेमा पडद्यावर यायला उशीरही झाला, तो कशानं तेही सांगायला हवं. चित्रीकरण २०१४ मध्ये संपलं, प्रदर्शन ऑगस्ट २०१५ चं ठरलं. ३० जुलै २०१५ ला निर्माती कंपनी रिलेटिव्हिटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तयार सिनेमा डब्यात गेला. त्यातच नेटफ्लिक्सशी वाद : करारातली तारीख आली, आता आम्ही आधी दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं रिलेटिव्हिटीची बाजू घेतली. नाहीतरी थिएटरआधीच घरात सिनेमा पोचला तर तिकीट काढणार कोण? अखेर ३० सप्टेंबर २०१६ उजाडला. दरम्यान विग, मॅकिनन आणि लेस्ली जोन्स या तिघी त्याच वर्षीच्या जुलैत ‘घोस्टबस्टर्स’मध्ये झळकून गेल्या होत्या, त्यामुळे आधी केलेलं काम लोकांनी नंतर पाहिलं. अमेरिकेत गल्ला जमला सुमारे १ कोटी ७४ लाख डॉलरचा, म्हणजे गँटनं एका रात्रीत भरला साधारण तेवढाच! फरक इतकाच की यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा.

लांबी जेमतेम दीड तास. सबटायटल्स लावूनच बघा, दक्षिणेकडच्या हेलात निम्मे विनोद विरघळून जातात. मेक्सिको सुरू झालं की चहा टाकायला उठलात तरी फारसं काही चुकणार नाही. फक्त मॅकिननचा आवाज आला की परत या.