‘मेइजी काळातली’ मांजर, चहाचे डाग आणि कस्टमचा फोन

जपानी मानेकी नेको, म्हणजे पंजा वर करून बसलेल्या त्या चिनी मातीच्या मांजरी जमवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. त्यातही ज्यांच्या कपाटात तोकोनामे या जपानी कुंभारगावच्या दोन-चार मांजरी बसल्या आहेत आणि ‘आता एखादी जुनी कुतानी मिळाली तर’ असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांनी नक्की. मला ज्यांनी गंडा घातला ते नेमकी अशीच माणसं हेरतात. माझे साठ हजारांवर रुपये गेले, आणि तीच मंडळी आजही नवीन नावाने दुकान मांडून बसली आहेत.

सोशल मीडियावर एक खातं होतं. लग्नानंतर जपानमध्ये कानाझावाला स्थायिक झालेली मराठी बाई, फावल्या वेळात तिथल्या जुन्या बाजारांतून वस्तू निवडते आणि भारतातल्या हौशी लोकांना पाठवते, अशी ओळख दिलेली. मराठी अगदी घरचं. पहिल्याच संदेशात “ताई, तुमच्या मांजरी बघितल्या, किती निगुतीने ठेवल्यात!” मी पहिल्यांदा घेतली ती तोकोनामेची छोटी मांजर, २,६०० रुपयांची. ती आली, वेळेत आली, आणि अस्सल होती. मोठे गोल डोळे, गुटगुटीत अंग, छातीशी कोबान हे सोन्याचं नाणं. तोकोनामेचा हा घाट दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला, आणि आज मानेकी नेको म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. तळाला साच्याची खूण, भट्टीतल्या मातीचा कोरडा खरखरीतपणा, सगळं जिथल्या तिथे. ही खरी मांजर म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं, हे नंतर पोलिसांनी सांगितलं. सुरुवातीची छोटी वस्तू चोख द्यायची आणि मोठ्या व्यवहारात हात मारायचा, ही त्यांची ठरलेली रीत.

त्यानंतर फोटो आला कुतानीच्या मांजरीचा.

कुतानी म्हणजे इशिकावा प्रांतातलं पोर्सलिन. सतराव्या शतकाच्या मध्याला तिथे भट्ट्या सुरू झाल्या, पुढे बंद पडल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा पेटल्या. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल हे तिथले पाच रंग, आणि मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, परदेशी निर्यातीसाठी त्यावर सोन्याचं काम भरभरून केलं गेलं. कुतानीच्या मांजरीचं सगळं सौंदर्य तिच्या मोरिआगेत असतं. जाड रंग टिपक्या-टिपक्यांनी उठावाने लावून केलेली ही नक्षी. बोट फिरवलं की एकेक टिपका हाताला लागतो. ज्याने ती एकदा हातात धरली आहे त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

फोटोतली मांजर तशीच होती. उजवा पंजा वर, गळ्यात लाल दोरीची घंटा, पाठीवर शेवंतीची फुलं, सोबत शाईने लिहिलेली लाकडी पेटी. गोष्टही जोडलेली होती: कानाझावातली एक जुनी खानावळ बंद झाली, मालकीणबाईंनी वस्तू विकायला काढल्या, ही त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळापासून गल्ल्यावर बसलेली. किंमत ३८,०००. बरोबर सेतो या दुसऱ्या जपानी कुंभारगावच्या मांजरींची जोडी २२,००० ला. सेतोच्या मांजरी मला फार आवडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साच्यातून काढलेल्या पोर्सलिनच्या मांजरी मोठ्या प्रमाणावर तिथेच बनू लागल्या. अंगाने सडपातळ, चेहरा खऱ्या मांजरीच्या जवळचा, गळ्यात झालरीचं लाळेरं. पैसे मात्र जपानला नाही, “माझ्या भावाच्या खात्यावर पाठवा ताई, परदेशी पैसे पाठवायचा खर्च वाचेल.” यूपीआयवर दिसलेलं नाव तिच्या आडनावाशी जुळत नव्हतं, त्यावर “मावसभाऊ आहे” हे उत्तर तयार होतं.

कुतानीची मांजर आधी आली. बाहेर काढल्याबरोबर खटकलं ते अंगभर पसरलेलं बारीक तड्यांचं तपकिरी जाळं. असं जाळं सात्सुमा या दुसऱ्या जपानी प्रकारच्या भांड्यांवर शोभतं, कारण तिथली माती आणि वरची झिलई निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. कुतानीचं अंग पोर्सलिनचं, झिलई सहसा सलग आणि गुळगुळीत. कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून मऊ फडक्याने एक कान पुसला, तर तडे पुसट झाले आणि पाण्याला चहाचा रंग आला. शंभर वर्षांची म्हणून विकलेली ती जुनाट छटा एका फडक्यात उतरली.

मग सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसले. कुंचल्याने काढलेल्या मिशीची रेघ सुरुवातीला जाड असते आणि शेवटाला निमुळती होत जाते. इथे प्रत्येक मिशी एकसारख्या जाडीची, आणि भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोसारखे ठिपकेच ठिपके. म्हणजे छापील कागदावरून उतरवलेलं चित्र. सगळ्यात उघडं पडलं ते पाठीवर. डाव्या कुशीवर दोन छापील तुकडे जिथे जुळतात तिथे शेवंतीचं एक फूल अर्धंच होतं आणि उरलेलं अर्धं केसभर खाली सरकलेलं. हाताने रंगवणारा माणूस फूल असं मधे कापत नाही. मोरिआगेचे टिपकेही छापलेले, नख फिरवलं तरी कुठे उंचवटा लागेना. सोनं झिजलेलं दाखवलं होतं, पण कुठे? पोटाच्या खोलगट भागात, जिथे कुणाचा हात लागत नाही. कान, नाक आणि उचललेला पंजा, जे खरोखर हाताळलं जातं, तिथलं सोनं कोरं करकरीत. पोटावर एकाच दिशेच्या समांतर रेघा होत्या, पॉलिश पेपरच्या. आणि बुडाची बिनझिलईची कड शुभ्र. वर्षानुवर्षं फळीवर बसलेल्या वस्तूची कड थोडी तरी मळते आणि घासून गुळगुळीत होते.

छापील चित्र असलं की वस्तू खोटी, असं मात्र समजू नका. आजही कुतानीत छापील नक्षीच्या, परवडणाऱ्या मांजरी बनतात, ‘गो’ या मापाने विकल्या जातात (एक गो साधारण ३ सेंटीमीटर) आणि त्या पूर्ण प्रामाणिक वस्तू आहेत. नव्या म्हणून घेतल्या तर कसलंच दुःख नाही. माझं भांडण त्या मांजरीशी नाही. नव्या मांजरीला चहात बुडवून तिचं वय विकणाऱ्यांशी आहे.

पेटी खरी होती. म्हणूनच ती जास्त धोक्याची. माझी एक मैत्रीण पुण्यात जपानी शिकवते, तिला झाकण दाखवलं. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. पेटी चहाच्या वाडग्याची होती. जुन्या बाजारात वस्तू फुटल्यावर रिकाम्या उरलेल्या पेट्या सुट्या मिळतात, आणि जपानी न वाचता येणाऱ्या माणसाला शाईची चार अक्षरं आणि लाल शिक्का दिसला की तो आपोआप विश्वास ठेवतो. मैत्रिणीने आतलं मापही दाखवलं: मांजर उभी मावत नव्हती, तिरकी कोंबून भोवती कागद भरला होता. कारागिराने स्वतःच्या वस्तूसाठी करून घेतलेल्या पेटीत वस्तू अलगद आणि नेमकी बसते. तेव्हा पेटी ‘अस्सल’ असली म्हणजे आतली वस्तूही तिचीच, असं धरून चालू नका.

त्याच संध्याकाळी गूगल लेन्समध्ये तिने पाठवलेला फोटो टाकला. तो एका जपानी लिलावातल्या, आधीच विकल्या गेलेल्या मांजरीचा निघाला. तीच चटई, तीच बाजूला ठेवलेली लाकडी मोजपट्टी. माझ्या हातात आलेली ती नव्हेच. तिला फक्त त्या मांजरीसारखं सजवलं होतं.

मी हे सगळं फोटोंसह तिला पाठवलं. उत्तरात मांजरीबद्दल एक अक्षर नाही. “ताई, आधी सेतोच्या जोडीचं बघा, पार्सल मुंबई कस्टममध्ये अडकलंय, तुम्हाला फोन येईल.” आणि फोन आलाच. बोलणारा अधिकाऱ्याच्या थाटात, हिंदीत. पुरातन वस्तू घोषित न करता मागवली, ६,४०० रुपये शुल्क भरा, नाहीतर गुन्हा. माझा पत्ता, पार्सलमधल्या वस्तू, किंमत, सगळं त्याला ठाऊक. भरले. लगेच दुसरी मागणी, जीएसटीचे ११,८००. तिथे मी थांबले आणि खऱ्या टपाल खात्यात चौकशी केली.

जी माहिती मिळाली ती सांगते, कारण परदेशातून काहीही मागवणाऱ्याला ती लागेल. टपालाने आलेल्या पार्सलवर कस्टम शुल्क लागलं तर ते पार्सलच्या कागदावर लिहून येतं आणि घरी पार्सल आणणाऱ्या पोस्टमनकडे किंवा पोस्टात भरून पावती मिळते. खासगी कुरिअर असेल तर ते केवायसीची कागदपत्रं मागतात, हे खरं आहे, पण शुल्काचा हिशेब बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयात मालाच्या कस्टम नोंदीच्या कागदावर असतो आणि त्याची प्रत मागता येते. कस्टमचा अधिकारी फोन करून कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही. कस्टमच्या अधिकृत पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘नोटिशी’वर अशोकस्तंभ होता, डीआयएन नव्हता. जपानहून ईएमएसने, म्हणजे टपालाच्या जलद सेवेने निघालेल्या पार्सलचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो आणि शेवटी ‘जेपी’ असतं. तो भारतीय टपालाच्या ट्रॅकिंगवरही दिसतो. मला दिलेला क्रमांक फक्त तिने पाठवलेल्या लिंकवरच उघडत होता. आणि “गिफ्ट लिहून पाठवते, ड्युटी पडणार नाही” असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा, डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटवस्तूंची ती सवलत बंद आहे.

मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ६,४०० रुपये गेलेलं खातं त्याच दिवशी गोठलं, कारण पैसे अजून पुढे सरकले नव्हते. ते परत मिळण्याची प्रक्रिया सुरू आहे. मांजरींचे ६०,००० मात्र आधीच चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. १९३० ला पहिल्या काही तासांत फोन केला तर हाती काही लागण्याची शक्यता असते. ‘बघू, ती बाई उत्तर देते का’ म्हणून थांबलात की पैसा निसटला. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पार्सलचं खोकं त्यावरच्या चिठ्ठीसकट जपून ठेवा. माझ्या खोक्यावरची परतीच्या पत्त्याची चिठ्ठी सोलली तर खाली दुसरी निघाली, आणि तिच्यावर पाठवण्याचं ठिकाण भारतातलंच होतं.

आता जुनी मांजर घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला बुडाचा फोटो मागा, आणि तो आज काढलेला हवा: मांजरीशेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून. खऱ्या विक्रेत्याला यात मिनिटभर लागतं. माझ्यावाल्या बाईने “मांजर पॅक झालीय” म्हणून टाळलं होतं. मिशा, घंटेची दोरी आणि कुशीवरची नक्षी यांचा जवळून काढलेला व्हिडिओ मागा, उजेड तिरका टाकून, म्हणजे उठाव आहे की छपाई ते सावलीवरून कळतं. तळावरच्या इंग्रजी शिक्क्यांवर फार विसंबू नका. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का अमेरिकी ताब्याच्या काळातला, तो ताबा १९५२ मध्ये संपला, आणि म्हणून त्या शिक्क्याच्या वस्तूंना मागणी आहे. नंतर मारलेले खोटे शिक्केही बाजारात आहेत. भट्टीत न भाजलेला शिक्का नेलपॉलिश रिमूव्हर लावलेल्या कापसाने निघतो. अर्थात ही परीक्षा वस्तू हातात आल्यावरची, आणि ती फक्त शिक्क्यावर करायची, सोन्यावर नाही.

कथेचीही परीक्षा घ्या. त्याच खात्यावर नंतर ‘तोक्योच्या गोतोकुजी मंदिरातली जुनी मांजर’ विक्रीला आली, हातात सोन्याचं नाणं घेऊन. सेतागायातल्या या मंदिराची मांजर साधी पांढरी असते, उजवा पंजा वर, आणि तिच्याकडे नाणं नसतंच. सरदार ई नाओताका याला मांजरीने पंजा हलवून मंदिरात बोलावलं आणि तो विजेपासून वाचला, अशी तिथली आख्यायिका आहे. लोक तिथे नवस फेडायला शेकड्यांनी मांजरी ठेवतात. ज्या जागेवर माणसांची इतकी माया आहे तिचंही नाव हे लोक खुशाल विकायला काढतात, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

पहिलं खातं आता बंद झालंय. पण मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या संग्राहकाला नागपुरात तोच फोटो आला, दुसऱ्या नावाने, ४५,००० ला, आणि या वेळी बाई ओसाकाची आहे. फोटो असा ओळखा: उजवा पंजा वर केलेली कुतानी मांजर, गळ्यात लाल दोरीची घंटा, पाठीवर शेवंती, खाली हिरव्या काठाची चटई आणि डावीकडे लाकडी मोजपट्टी. हा फोटो कुणी पाठवला तर पैसे देऊ नका. समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर पोर्टलवर टाका, पैसे गेले नसले तरी. संशयित नंबर कळवायची सोय तिथे वेगळी आहे, आणि असे जितके नंबर जमतील तितकं तपास करणाऱ्यांचं काम सोपं होईल.