केसांसकट कमावलेली दोन कातडी : सुभाषनगरातील एका कारागिराच्या कामाविषयी

पाळीव जनावरांच्या कवट्या आणि केसांसकट कमावलेली कातडी जमवण्याचा छंद मी गेली सहा वर्षे जोपासतो आहे. कवटी घरच्या घरी स्वच्छ करता येते, कातड्याचे तसे नाही. घरी तुरटी-मिठात घातलेली माझी तीन कातडी एकतर पापडासारखी कडक झाली, किंवा त्यांचे केस मुठीने हातात आले. ज्या कोल्हापुरात चपलेचे चामडे पिढ्यान्‌पिढ्या कमावले जाते, तिथे बोकडाचे एक कातडे नीट कमावून देणारा माणूस मिळू नये हे मला पटत नव्हते. चौकशी करता करता सुभाषनगर भागातील एका छोट्या कारखान्यापर्यंत मी पोहोचलो. मालकांना आपल्या नावाची जाहिरात नको आहे, म्हणून ते इथे देत नाही.

हे काम चपलेच्या चामड्याहून वेगळे का, ते आधी सांगितले पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या चामड्याची पद्धत फार जुनी आहे : कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, ते खरवडून काढायचे आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात कातडे मुरवायचे. मला मात्र केस शाबूत हवे होते. म्हणजे ज्या पायरीपासून चपलेच्या चामड्याच्या कारागिरांचे काम सुरू होते, तीच पायरी वगळायची होती. मामांना (म्हणजे कारखान्याच्या मालकांना; तिथे सगळे त्यांना मामाच म्हणतात) हे पहिल्याच वाक्यात उमगले. “चुना लागला की केस गेलेच म्हणून समजा, आणि तुम्हाला तर केसच पायजेत,” असे म्हणून त्यांनी कातडे उलटे केले, मांसल बाजू बोटाने चाचपली आणि मीठ कधी लावले ते विचारले. इतका नेमका प्रश्न विचारणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

पहिले कातडे काळ्या उस्मानाबादी बोकडाचे होते. ते मामांनी चुना न लावता, मांसल बाजू रापीने (चामडे तासायच्या रुंद पात्याने) खरवडून, बाभूळ-हिरड्याच्या अर्कात मुरवले. अर्क आरंभी पातळ ठेवून दर काही दिवसांनी दाट करत नेला, कारण सुरुवातीलाच दाट अर्क दिला तर कातड्याचा पृष्ठभाग आवळतो आणि आतला थर कच्चाच राहतो. हातात आलेले कातडे तपकिरी-लालसर, भरीव आणि लवचीक होते. दुमडले तरी चिरत नव्हते, आणि त्याला सालीचा जो तुरट वास होता तो मला आजही आवडतो. पाठीवरचे केस ओढून पाहिले, एकही सुटला नाही. दोष दोन आढळले. मानेजवळ खरवडताना पडलेले बोटभर भोक आतून शिवले होते, पण ते मला आधी सांगितले नव्हते. आणि महिन्याचा वायदा अडीच महिन्यांवर गेला. भोकाचे मला फारसे वाईट वाटले नाही, मानेकडचे कातडे सोलतानाच पातळ झालेले असू शकते. दिरंगाईबद्दल मात्र एक निरोप यायला हवा होता.

दुसरे कातडे पांढऱ्या शेळीचे होते. सालीच्या अर्काने पांढरे केस डागाळतात, म्हणून मामांनी स्वतःहून तुरटी आणि मीठ सुचवले. तेच माल-मसाले मी घरी वापरले होते, तरी फरक पडला तो शेवटच्या मेहनतीने : कातडे अर्धवट ओले असताना त्यांनी ते लाकडी फळीच्या कडेवर तासन्‌तास ओढून मोकळे केले. मी कातडे पुरते वाळू द्यायचो, तिथेच चुकत होतो. हे कातडे दुधासारखे पांढरे आणि धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ झाले. पायांकडच्या कडा तेवढ्या ताठ राहिल्या. मात्र तुरटीचे कातडे भिजले की तुरटी धुऊन जाते आणि ते पुन्हा कच्च्या कातड्यासारखे कडक होते. आपल्याकडचा पावसाळा आणि भिंतींची ओल पाहता, गडद जनावरासाठी मी नेहमी साल-हिरडाच मागेन.

कातडे नेण्यापूर्वीची जबाबदारी आपली असते. सोलल्यापासून काही तासांत कातड्याच्या निम्म्या वजनाहून अधिक खडे मीठ मांसल बाजूवर चोळले पाहिजे, कडांना आणि कानांच्या मुळाशीसुद्धा. उशीर झाला तर केसांच्या मुळाशी कुजण्याची क्रिया सुरू होते, आणि त्यानंतर कोणताही कारागीर काही करू शकत नाही. उन्हात वाळवणेही टाळावे.

कवटीचे काम हा कारखाना घेत नाही, पण एकाच जनावराचे कातडे आणि कवटी शेजारी ठेवण्यात या छंदाचा खरा आनंद आहे, म्हणून थोडे लिहितो. मटणाच्या दुकानात मुंडी भाजून आणि भेजासाठी फोडून देतात. तेव्हा न भाजलेली, न फोडलेली मुंडी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. मी ती उकळत नाही, कारण उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि नाकातली कागदासारखी पातळ, गुंडाळीदार हाडे मोडतात. झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात काही आठवडे ठेवून मांस कुजू देतो, मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढतो, आणि शेवटी औषधाच्या दुकानातले ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळून एक-दोन दिवस ठेवतो. शिंगांची टोपणे (आतल्या हाडावरची पोकळ आवरणे) आधीच निघून येतात, ती पेरॉक्साइडमध्ये घालायची नाहीत. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको, तिने हाड भुसभुशीत होते. त्या काळ्या बोकडाच्या खालच्या जबड्यात पुढे चार कायमचे दात होते, म्हणजे तो चार दाती, साधारण दोन वर्षांचा; वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, हे मी कवटी हातात घेईपर्यंत कधी नीट पाहिले नव्हते.

कारखान्याची मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जनावर कोणते आणि कुठून आणले, हे विचारल्याशिवाय मामा पोत्याची गाठ सोडू देत नाहीत. माझ्यासमोर एकाने भेकराचे कातडे आहे असे हळूच सांगितले, त्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्याचे कातडे, शिंग किंवा कवटी परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, आणि राधानगरीच्या रानात पडलेले सांबराचे शिंग उचलून आणले तरी तो कायदा लागू होतो. या छंदात नवे येणाऱ्यांनी शेळी, मेंढी, म्हैस यांच्यापलीकडे जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. निव्वळ शेळ्यांच्या रंगांत आणि शिंगांच्या वळणांत आयुष्यभर पुरेल इतके वैविध्य आहे.

बोकडाच्या कातड्याचे ७०० रुपये आणि शेळीच्या कातड्याचे ६०० रुपये मी दिले, आणि कामाच्या मानाने ते मला कमीच वाटतात. सध्या पट्टणकोडोलीहून आणलेले दख्खनी मेंढ्याचे कातडे मीठ लावून माझ्याकडे तयार आहे. लोकरीतली चरबी आधी रिठ्याच्या पाण्याने धुवावी लागेल आणि पावसात लोकर वाळणार नाही, म्हणून मामांनी ते घेतले नाही. दिवाळीनंतर घेऊन या, असे सांगितले आहे.