किचन नवं करून दहा महिने झाले: वापराचा अनुभव आणि घराच्या किमतीचा हिशेब

आमचा टू बीएचके सिंहगड रस्त्यावर, २००४ साली बांधलेल्या इमारतीत. किचन बिल्डरने दिलं तसंच वीस वर्षं चाललं. एल आकाराचा काळा ओटा, खाली कडाप्प्याचे कप्पे, त्यांना मागाहून बसवून घेतलेली सनमायकाची दारं आणि सिंकखाली बारा महिने ओल. गेल्या वर्षी सगळं काढलं आणि नव्याने केलं. काम सुरू करण्याआधी ज्याला त्याला विचारलं, तर ट्रॉलीवाल्यापासून चुलत दिरांपर्यंत सगळ्यांनी एकच ऐकवलं, "करून टाका, घराची किंमत वाढते." ती वाढते की नाही हे आता मी जरा भरवशाने सांगू शकते, कारण मध्यंतरी टॉप-अप कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) घर बघून गेला आणि आमच्याच इमारतीतले दोन फ्लॅटही विकले गेले.

खर्च आला सव्वाचार लाख. ट्रॉल्या, वरची कपाटं आणि टॉल युनिट मिळून दोन लाख चाळीस हजार. ग्रॅनाइट आणि टाइल्स सत्तर हजार. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग पंचावन्न हजार, वायरिंग पंचवीस, चिमणी आणि हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) पस्तीस. कोटेशनमध्ये अठरा टक्के जीएसटी धरलाय का, हे आधीच विचारून घ्या. अनेकजण तो वेगळा ठेवतात आणि शेवटच्या बिलात तो अंगावर येतो.

आधी वापराबद्दल. सगळ्यात मोठं सुख ट्रॉल्यांचं नाही, ओट्याच्या उंचीचं आहे. जुना ओटा ३२ इंचांचा होता आणि मी साडेपाच फुटांच्या वर. कणीक मळताना, भाजी चिरताना कायम वाकून काम. आता ओटा ३५ इंचांवर आहे आणि संध्याकाळची पाठदुखी खरोखर गेली. सासूबाईंची उंची जेमतेम पाच फूट, त्यांना या उंचीवर पोळ्या लाटता येत नाहीत, म्हणून खिडकीजवळ ३० इंचांवर एक छोटी पाटी वेगळी बसवली. खाली पाय मोकळे राहतात, स्टूल सरकवून बसून लाटता येतं. हे सगळं बघून गेलेल्या एजंटने मात्र सरळ सांगितलं, "ताई, तुमच्यासाठी छान आहे, पण गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा हीच पाटी काढायला सांगणार." त्याचं म्हणणं मला पटलं. किचन जितकं आपल्या अंगाला बेतून केलं, तितकं ते दुसऱ्याच्या उपयोगाचं कमी. तरीही मी ती पाटी पुन्हा करीन, कारण तिथे रोज पोळ्या होतात.

प्लायवुडबाबत आम्ही आग्रही राहिलो. सांगाड्याला १८ मिमीचं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय, प्रत्येक शीटवर आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघूनच कापायला दिलं. आयएस ३०३ चं साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय स्वस्त पडतं, वरच्या कोरड्या कपाटांना चालतंही, पण ओट्याखाली ते फुगतं. दहा महिन्यांत, त्यातला एक अख्खा पावसाळा धरून, कुठे फुगवटा नाही, कडेची पट्टी सुटलेली नाही. सॉफ्ट क्लोजचे सरकते खण भरल्या डाळी-तांदळाच्या डब्यांसकट अजून पहिल्यासारखे चालतात.

तक्रार आहे ती जाळीच्या ट्रॉल्यांची. कोटेशनमध्ये ३०४ ग्रेडचं, म्हणजे सहसा न गंजणारं, स्टील लिहिलं होतं. चौथ्या महिन्यात ताटाळ्याच्या ट्रॉलीत, जिथे उभ्या तारा खालच्या आडव्या तारेला वेल्ड केल्यात, नेमकं तिथेच तांबूस ठिपके दिसायला लागले. पुसले की जातात, आठवड्याने परत येतात. ओली ताटं सरळ तिथे लागतात, पाणी त्या सांध्यावर साठतं, आणि हलकं स्टील असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. बसवणाऱ्याने चुंबक लावून दाखवलं, चिकटत नाही, म्हणजे ३०४ च आहे म्हणाला. ही परीक्षा फसवी आहे. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. दोन्हींतला फरक निकेल-मँगनीजच्या प्रमाणात असतो आणि तो कळायला रसायनाचा थेंब टाकून करायची चाचणी लागते. बऱ्याच फोनाफोनीनंतर त्याने दोन जाळ्या बदलून दिल्या, तिसरी अजून बाकी आहे. तुम्ही करणार असाल तर ग्रेड बिलावर लिहून घ्या आणि बसवण्याआधी एका तुकड्यावर चाचणी करून मागा.

चिमणीबद्दल थोडक्यात: आमच्याकडे तिचा पाइप ड्राय बाल्कनीतून सरळ बाहेर काढता आला, म्हणून मिरचीची फोडणीसुद्धा खेचली जाते. शेजारी तीच चिमणी आहे, पण पाइपला तीन वळणं, आणि त्यांच्याकडे धूर हॉलपर्यंत येतो.

आता किमतीकडे येते.

व्हॅल्युअर आला तो लेझरचं मोजमापयंत्र घेऊन. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घेतली, इमारतीचा दर्शनी भाग, जिना, वीजमीटर यांचे फोटो काढले. किचनमध्ये आला तेव्हा मी मनातून अपेक्षेने उभी होते. त्याने एकही खण उघडला नाही. सिंकखालचं दार मात्र उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला, पाइपचा जोड आणि मागची भिंत नीट बघितली, भिंतीवर हात फिरवला. मग बाथरूमला लागून असलेली भिंत बघितली, छताचे कोपरे बघितले. झालं. अहवालाची प्रत मी मागून घेतली. त्या नमुन्यात 'वॉर्डरोब', 'शोकेस', 'किचन अरेंजमेंट' असे वेगवेगळे रकाने असतात. आमच्या अहवालात त्या सगळ्यांपुढे आडवी रेघ होती. किंमत ठरली ती कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला चालू दर, त्यात इमारतीचं वय आणि शिल्लक आयुष्य धरून. आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात, त्यातली वीस आमची संपली. ओलीबद्दल मात्र अहवालात चांगला शेरा होता: गळती नाही, देखभाल चांगली.

सव्वाचार लाखांतले व्हॅल्युअरने बघितले ते पंचावन्न हजारच. जुने जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजून अर्धे बुजले होते, ते काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकले, नहाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी) बदलला, ओट्याखाली आणि ड्राय बाल्कनीत वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून बघितलं. हे काम टाइल्सखाली गेलं, पाहुण्यांना कधीच दिसणार नाही. पण ते झालं नसतं तर अहवालात ओलीचा शेरा पडला असता, आणि तो किमतीला नक्की बाधला असता.

बँक किचनचे पैसे धरत नाही याचा विक्रीवर काय परिणाम होतो, ते अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, दरानुसार फ्लॅटची किंमत साठ लाख येते आणि किचनचे म्हणून तुम्ही चौसष्ट मागता. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि ती किंमत बँक स्वतःच्या व्हॅल्युअरकडून ठरवते. तिचा आकडा साठ लाख आला, तर वरचे चार लाख घेणाऱ्याने पूर्णच्या पूर्ण खिशातून घालायचे. शिवाय करारात चौसष्ट लिहिले तर पुण्यात त्या चार लाखांवर सात टक्क्यांनी अठ्ठावीस हजार मुद्रांक शुल्क वेगळं. घर घेणारं मध्यमवर्गीय कुटुंब आधीच डाउन पेमेंटसाठी एफडी मोडत असतं. तुमच्या सॉफ्ट क्लोजच्या खणांसाठी ते चार लाख रोख कुठून आणणार?

इमारतीतल्या दोन व्यवहारांतही हेच दिसलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तीन वर्षांपूर्वी किचन केलं होतं, पाचव्या मजल्यावरचं मूळचंच. चौरस फुटाचा दर दोघांना जवळपास सारखा मिळाला. फरक पडला तो वेळेत आणि घासाघिशीत. दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट बघायला आलेल्यांनी महिन्याच्या आत टोकन दिलं. पाचव्या मजल्यावर प्रत्येक जण किचनमध्ये उभा राहून "इथे पाच लाख घालावे लागतील" म्हणायचा आणि तेवढे कमी करून मागायचा. त्यांनी सहा महिने थांबून शेवटी थोडं उतरवलंच. मजला आणि पार्किंगही वेगळं असल्याने सगळं श्रेय मी किचनला देत नाही. पण माझं मत असं झालंय की आपल्याकडे नवं किचन भाव वाढवत नाही, भाव पाडायचं निमित्त काढून घेतं.

इंटरनेटवर अमेरिकेतले आकडे फिरतात. तिथल्या 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' अहवालात २०२४ साली किचनच्या छोट्या दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या वेळी सुमारे ९६ टक्के परत मिळतो, तर महागड्या, पूर्ण बदललेल्या किचनचा फक्त ३८ टक्के, असं दिलंय. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही. तिथे बहुतेकांचं घर म्हणजे स्वतःच्या जमिनीवरचं घर, आणि घेणारा बऱ्याचदा आहे त्या किचनसकट राहायला येतो. आपल्याकडे पहिला प्रश्न शेगडी पूर्वेला तोंड करून आहे का, किचन आग्नेयेला आहे का. वास्तूत बसत नसेल तर कालचा ओटाही फोडतात.

आणि जुनी सोसायटी असेल तर पुनर्विकासाचं आधी बघा. कोथरूडला माझी मावशी राहते, इमारत चाळिशी ओलांडलेली. तिलाही आमचं बघून किचन करायची फार हौस आली होती. पण त्यांच्या सोसायटीत सहकार कायद्यातल्या ७९-अ ची, म्हणजे पुनर्विकासाची, प्रक्रिया सुरू झाली आहे, बिल्डरांच्या निविदा आल्या आहेत. पुनर्विकासात मोजतात तो तुमचा कार्पेट एरिया. किचन कालचं की तीस वर्षांपूर्वीचं, हे कुणी विचारत नाही, ते जेसीबीखालीच जातं. मी तिला फक्त गळका नळ, सिंक आणि मिक्सरचा प्लग बदलून दिला.

भाड्याने द्यायचं असेल तर थोडं वेगळं आहे. आयटीतली जोडपी चिमणी आणि ट्रॉल्या विचारतातच, आणि असतील तर घर रिकामं पडून राहत नाही. पण त्यासाठी साधं लॅमिनेट आणि ग्रॅनाइट पुरतं. ॲक्रिलिकच्या चकचकीत दारांवर भाडेकरूंच्या एका वर्षात ओरखडे दिसतात.

चार-पाच वर्षांत घर विकायचा विचार असेल तर पैसा आधी पाइप, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंगमध्ये घाला. ओव्हन, गीझरसाठी १६ अँपियरचे वेगळे पॉइंट आणि बोर्डवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की बंद पडणारा स्विच) हवाच. त्यानंतर ओटा आणि टाइल्स फिक्या, कुणालाही चालतील अशा. ट्रॉल्या शेवटी, आणि त्या स्वतःला रोज वापरायच्या आहेत म्हणून घ्या. एक गोष्ट अजिबात करू नका: हॉल मोठा दिसावा म्हणून किचनची भिंत इंजिनिअरला न विचारता पाडणं. मिव्हान पद्धतीच्या नव्या इमारतींत तर भिंतीच भार पेलतात. आम्ही सोसायटीची लेखी परवानगी घेतली होती, आणि पाइप गॅसची जोडणी कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच सरकवून घेतली.

बिलांचं मला आमच्या सीएने सांगितलं. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च वजा मागता येतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला कर साडेबारा टक्क्यांनी इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) किंवा वीस टक्क्यांनी इंडेक्सेशनसह, यातला जो कमी तो भरता येतो, आणि सुधारणेचा खर्च दोन्हीकडे धरतात. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, ओटा, टाइल्स यांवर सहसा वाद होत नाही. सुटा काढून नेता येईल अशा फर्निचरवर होतो. म्हणून आम्ही ट्रॉल्यांचं बिल आणि बांधकामाचं बिल वेगळं करून घेतलं. प्लंबर बिल देत नव्हता, त्याच्याकडून साध्या कागदावर कामाचा तपशील, तारीख आणि सही घेतली, पैसे बँकेतूनच दिले, आणि सगळं खरेदीखताच्या फाइलला लावून ठेवलंय.