दि ओल्ड डार्क हाऊस (१९३२) : सात महिन्यांत सहा वेळा बघून झाल्यावर

डिस्क नोव्हेंबरमध्ये घेतली, आता जून लागला. आधी नेटवर एक कॉपी बघितलेली, ती इतकी काळपट की जिना कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. या डिस्कवरच्या २०१७ च्या रिस्टोरेशनमध्ये (म्हणजे जुनी फिल्म साफसूफ करून काढलेली नवी कॉपी) मेणबत्तीच्या उजेडातल्या सावल्या अगदी स्वच्छ दिसतात, आणि अशा पिक्चरमध्ये सगळी मजा सावल्यांचीच असते हो. मुळात हा पिक्चर हरवलाच असं धरून चालले होते, १९६८ मध्ये दिग्दर्शक जेम्स व्हेलचा मित्र कर्टिस हॅरिंग्टन युनिव्हर्सल स्टुडिओच्या मागे लागला म्हणून निगेटिव्ह सापडलं. त्या माणसाचे खरंच उपकार.

पहिल्यांदा बघताना मला स्लो वाटला, खरं सांगते. भूत येईल म्हणून वाट बघत बसले आणि भूत काही येत नाही. वेल्समधली पावसाळी रात्र, दरड कोसळलेली, रस्ता बंद, म्हणून अनोळखी माणसं एका विचित्र भावाबहिणीच्या घरात आसरा घेतात, बस एवढंच. भाऊ भित्रा, बहीण बहिरी आणि कडक, नोकर मुका आणि दारू प्यायला की धोकादायक (तो बोरिस कार्लोफ, फ्रँकेन्स्टाईनमधला राक्षस हाच, हे पिक्चरच्या सुरुवातीलाच पाटी टाकून सांगितलंय).

तिसऱ्या वेळेला आत्या सोबत होती तेव्हा कुठे मला नीट कळलं की यात हसू आणि भीती वेगळी ठेवलेलीच नाहीत. घरात वीज घरचीच बनवतात आणि ती धड टिकत नाही, लाईट जाते, मग वरच्या मजल्यावरचा मोठा दिवा आणायचा कोणी? भाऊ एकेक सबब काढत जातो, आत्या खदाखदा हसत होती, आणि पुढच्याच मिनिटाला दुसरा माणूस जिना चढायला लागला तशी तिने माझा हात घट्ट धरला. अहो, तोच जिना, तोच दिवा! आमच्याकडे लाईट गेली की माळ्यावरचा कंदील कोण काढणार यावरून जी वादावादी व्हायची ती तिला आठवली असणार.

सगळ्यात जबरदस्त सीन म्हणजे घरातली ती बहीण आसऱ्याला आलेल्या बाईला (ग्लोरिया स्टुअर्ट) कपडे बदलायला खोलीत नेते तो. तिथे वेडावाकडा आरसा आहे आणि म्हातारीचा चेहरा त्यात फिस्कटत जातो, मला अजूनही अंगावर काटा येतो. आसऱ्याला आलेल्यांपैकीच एक, चार्ल्स लॉटन, आधी सगळ्यांना हसवतो आणि मग एकदम मेलेल्या बायकोबद्दल बोलायला लागतो, तेव्हा पोटात तुटतं.

पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, वारा आणि पाऊसच ऐकायचा, म्हणून हेडफोन लावाच. लांबी जेमतेम सव्वा तास. शेवट मात्र मला अजूनही घाईचा वाटतो.

हा आवडला तर पॉल लेनीचा दि कॅट अँड द कॅनरी (१९२७) बघा, मृत्युपत्र, मध्यरात्र आणि पैशासाठी पळून आलेल्या वेड्याचं सोंग घेऊन फिरणारा माणूस. त्याच गोष्टीवरचा बॉब होपचा १९३९ चा पण चांगलाय, फक्त त्यात भीती कमी. १९२७ वाला मूकपट आहे, आत्या पुढच्या महिन्यात राहायला येतेय तेव्हा तोच लावायचा ठरलंय, पडद्यावरच्या पाट्या मी तिला मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारे.