लिनक्स मिंटवर सात महिने: अपडेट अडकलं आणि मग उलगडलं

डिचोलीत माझं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि मराठी टायपिंगचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ चालत नाही, म्हणून जूनमध्येच त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. वेग बरा, लिब्रेऑफिसमध्ये मराठी छान, प्रिंटर तर जोडल्या जोडल्या ओळखला. यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते चवथीच्या आदल्या आठवड्याबद्दल. एका भजनी मंडळाची आरत्यांची पुस्तिका छापायची होती. त्यांच्या फाइलला लोहित देवनागरी फॉन्ट हवा, नाहीतर ओळी तुटून पानं वाढायची. फॉन्ट उतरवायला घेतला तर ढिम्म. अपडेट मॅनेजर उघडला, तर यादीच रिफ्रेश होत नाही म्हणाला. समोर बसलेले मंडळाचे काका दोनदा विचारून गेले, "काय रे, मशीन बसलं?"

मी आधी नेटलाच शिव्या घातल्या. राउटर बंद-चालू केला, मग फोनचा हॉटस्पॉट लावला. बाकी साइट उघडत होत्या, अडकलेलं तिथेच. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, यादी ताजी करणारी 'सुडो एपीटी अपडेट' ही आज्ञा चालवली आणि ओळी एकेक करून वाचल्या, जे आधीच करायला हवं होतं. सिक्युरिटीच्या ओळीपुढे 'हिट' (म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं), मिंटच्या स्वतःच्या ओळीपुढेही 'हिट'. एकाच पत्त्यापुढे 'इग्न' (म्हणजे जमलं नाही, तूर्त सोडलं), परत 'इग्न', आणि बऱ्याच वेळाने 'एरर', कनेक्शन टाइम्ड आउट.

म्हणजे बिघाड ना मशीनचा, ना नेटचा. मिंट हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे; उबुंटूची मूळ पॅकेजं, म्हणजे प्रोग्राम आणि फॉन्टच्या फाइली, ज्या मिररवरून (मूळ सर्व्हरची नक्कल ठेवणारा सर्व्हर) येतात, तो एकच सर्व्हर उत्तर देत नव्हता. आणि तो मीच निवडला होता! जूनमध्ये वेगाच्या यादीत सगळ्यात वर दिसला म्हणून. मिरर बऱ्याचदा विद्यापीठं किंवा इतर संस्था आपल्या खर्चाने चालवतात. एखादा बंद पडला तरी आपलं मशीन त्याच दारावर थापा मारत राहतं.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. 'सॉफ्टवेअर सोर्सेस' उघडायचं. तिथे 'मेन' म्हणजे मिंटचा मिरर आणि 'बेस' म्हणजे उबुंटूचा. मला 'बेस' बदलायचा होता. या वेळी मूळ उबुंटूचाच सर्व्हर घेतला, थोडा हळू असला तरी, आणि यादी ताजी केली. फॉन्ट आला, पानं जागेवर बसली.

अनोळखी सर्व्हरवरून घेतलेलं सुरक्षित कसं, ही शंका मलाही होती. पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते आणि उतरलेली फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते, त्यामुळे मिरर बदलला तरी तपासणी तीच राहते.

नंतर एकदा वीज जाऊन दुकानातल्या दुसऱ्या पीसीची तारीख मागे गेली, तेव्हाही अपडेट रुसलं. ते सर्व्हरचं नव्हतं, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता.

मिंटबद्दल एकच गोष्ट अजून जमलेली नाही: ऑनलाइन कागदपत्रांवर डिजिटल सही करायला लागणारं पेनड्राइव्हसारखं यूएसबी टोकन. त्यासाठी लोकांना थोरल्या भावाच्या दुकानात पाठवतो.