वेबलेट स्वतःच्या पीसीवर: काही महिन्यांचा वापर आणि एका ‘ॲ’चा वैताग

सॉफ्टवेअरच्या भाषांतरासाठी पोएडिट (एकट्याने पीसीवर वापरायचं) की वेबलेट (अनेकांनी मिळून ब्राउझरमध्ये वापरायचं) हा वाद इथे उगाळत नाही. एकच माणूस एकाच पीओ फाइलवर (इंग्रजी वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली फाइल) बसणार असेल तर पोएडिटची फुकट आवृत्ती भरपूर झाली. चार जण एका ॲपवर बसले की फाइली मेलवर फिरतात, कुणाची ताजी हे कळेनासं होतं, तेव्हा वेबलेट लागतं. तेही दरमहा भाडं भरून कशाला? कोपऱ्यात पडलेल्या ८ जीबीच्या पीसीवर डॉकरने (तयार पॅकेज चालवणारं साधन) बसवलं. ३ जीबी रॅम आणि २ कोअर एवढीच किमान मागणी आहे. पुण्यात गुरुवारी वीज गेली तरी जतन केलेलं काम बुडत नाही: बदल आधी डेटाबेसमध्ये जातात, गिटमध्ये (फाइलींचा इतिहास ठेवणारी प्रणाली) कमिट म्हणजे पक्की नोंद नंतर होते, मूळ सेटिंगप्रमाणे २४ तासांनी.

आता वैताग. ‘विसंगत’ ही तपासणी एकाच इंग्रजी वाक्याची दोन वेगळी भाषांतरं पकडते. ती सारखी पेटायची, आणि उघडून पाहावं तर दोन्ही ओळी अगदी एकसारख्या! तपासणीच बिनकामाची म्हणून बंद करायला निघालो होतो.

ती बरोबर होती. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी साठवला जातो: ०९७२ या युनिकोड क्रमांकाचं एकच चिन्ह (युनिकोडमध्ये ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं), किंवा ०९०५ चा ‘अ’ आणि त्यावर ०९४५ चा चंद्र. पडद्यावर फरक शून्य. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. कुणी इनस्क्रिप्टवर, कुणी फोनेटिकवर, कुणी मोबाइलवर टंकणार; मग फाइलमध्ये सरमिसळ होणारच. परिणाम: शोध निम्मे शब्द सोडतो, ‘शोधा आणि बदला’ निम्मेच बदलतो, शब्दसंग्रहाची तपासणी बरोबर शब्दालाही चूक ठरवते. ॲपमध्ये शोधपट्टी असेल तर तीच अडचण थेट ग्राहकाच्या माथी.

‘दुसऱ्या’मधला अर्धा र त्याहून वाईट. तो ०९३१ अधिक हलन्त असा येतो, नाहीतर ०९३० अधिक हलन्त अधिक २००डी, म्हणजे झेडडब्ल्यूजे हे जोडणारं अदृश्य चिन्ह. कुणी उत्साहाने ‘अदृश्य अक्षरं काढा’ अशी स्क्रिप्ट चालवली की दुसऱ्या प्रकारातला झेडडब्ल्यूजे उडतो आणि र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. २००बी (शून्य रुंदीची मोकळी जागा) खुशाल काढा, २००डी ला हात लावू नका.

उपाय फुकट आहे, क्रम मात्र पाळा. वेबलेटमधला कंपोनंट (भाषांतराचा एक घटक) लॉक करा, राहिलेले बदल कमिट करून पुश करा (गिटच्या मूळ साठ्यात पाठवा), मगच पीओ फाइलवर पर्लने दोन बदल चालवा: ०९०५+०९४५ च्या जागी ०९७२, आणि ०९३०+हलन्त+२००डी च्या जागी ०९३१+हलन्त. एमएसजीएफएमटीने (पीओ फाइल तपासून वापरण्याजोगी करणारं साधन) तपासून गिटमध्ये टाका, वेबलेटमध्ये पुल करून (ते बदल ओढून घेऊन) लॉक काढा. लॉक न करता केलंत तर मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडचे बदल एकमेकांवर आदळणं) ठरलेला. पुन्हा घाण शिरू नये म्हणून कंपोनंटच्या ‘रेजेक्स’ फ्लॅगमध्ये (मजकूर ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहणारी खूण) जुनी जोडी नाकारणारा नकारात्मक लुकअहेड, म्हणजे ‘हे पुढे नको’ असा नमुना, घाला. जतन होणं थांबत नाही, पण इशारा ताबडतोब दिसतो. एवढं मराठीसाठी आयतं मिळायला काय हरकत होती?

बाकी किरकोळ. अनेकवचनाचे दोनच प्रकार असतात, त्याचा त्रास नाही. मेनूतली शॉर्टकट खूण, जीटीके या लायब्ररीत अधोरेखा (_) आणि क्यूटीत अँपरसँड (&), जोडाक्षराच्या मधोमध घालू नका, अक्षर फुटतं. शेवटी कंसात इंग्रजी अक्षर देऊन त्याआधी खूण ठेवा. फझी (अजून पक्क्या न झालेल्या) नोंदी एमएसजीएफएमटी मुळात वगळतं, त्यामुळे ‘भाषांतर केलं तरी इंग्रजीच दिसतंय’ अशी तक्रार आली की आधी ‘संपादन हवे’ची यादी उघडा. आणि बॅकअप नुसत्या गिटचा पुरत नाही: टिप्पण्या, सुचवण्या, वापरकर्त्यांची खाती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असतात, त्याचा डम्प (पूर्ण प्रत) रोज वेगळ्या डिस्कवर घ्या.