कोन शिकवताना आधी हातात काय द्यावं: घडीचा कागद, गुण्ये की कोनमापक?

नौपाड्यात माझ्याकडे चौथी-पाचवीची मुलं शिकवणीला येतात. पालकांची तक्रार ठरलेली: "कोनमापक लावताच येत नाही, मोबाइलवर दाखवू का?" माझं मत विचाराल तर कोनमापकच जरा थांबवा. मोबाइल त्याच्याही नंतर.

गेल्याच आठवड्यात एकीने ५० अंशांचा कोन १३० लिहिला. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एकीचं शून्य डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. तिने भलतीच ओळ वाचली होती. मी एवढंच विचारलं, "हा काटकोनापेक्षा मोठा दिसतो का गं?" तिने गुपचूप खोडरबर उचललं. दुसरी घोडचूक म्हणजे प्लास्टिकची खालची कड भुजेवर ठेवणं. शून्याची रेघ बहुतेक कोनमापकांवर कडेच्या थोडी वर असते. भुजा आखूड असेल तर पट्टीने वाढवायची, कोन तेवढाच राहतो. मुलांना हे पटता पटत नाही.

म्हणून सुरुवात कागदाने. ताटली ठेवून गोल कापायचा आणि तीनदा निम्मा दुमडायचा: १८०, ९०, ४५. उलगडला की आठ पाकळ्या. तीन पाकळ्या शेजारीशेजारी धरल्या की १३५, बेरीज बोटांनीच होते. पण वहीतला ७० अंशांचा कोन काही या पाकळ्यांनी मोजता येणार नाही. तिथे कागद संपला.

बेरजेसाठी मला सगळ्यात लाडके गुण्ये. कंपासपेटीतले हे दोन प्लास्टिकचे त्रिकोण नुसते पडून असतात. एकाचे कोन ३०, ६०, ९०. दुसऱ्याचे ४५, ४५, ९०. ३० ला ४५ जोडले की ७५, ६० ला ४५ जोडले की १०५. ४५ वर ३० ठेवला तर उरतात १५, म्हणजे वजाबाकीही झाली. शिरोबिंदू एकत्र हवा, एक भुजा सामाईक हवी, मध्ये फट नको आणि बेरजेत एकावर एक चढायला नको, एवढं मात्र घोकून घ्या. गुण्याचं टोक झिजलेलं असेल तर टोक सोडा, कडा जुळवा. मग त्याच आकृतीवर कोनमापक लावायला सांगा. १०५ च्या जागी १०४ आले तर ओरडू नका, पेन्सिलीचं टोकच तेवढं जाड असतं.

मोबाइलवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं ॲप आहे, चांगलं आहे. भुजा ओढून लांब करा, अंशांचा आकडा हलत नाही. वरचा तो न पटणारा मुद्दा तिथे डोळ्यांना दिसतो. बाकी, मोजायचं काम ते स्वतःच करून टाकतं.

परीक्षा चार दिवसांवर असेल तर थेट कोनमापकच घ्या. फक्त प्रत्येक कोनाशेजारी मोजण्याआधी 'लघु' (काटकोनाहून लहान) किंवा 'विशाल' (काटकोनाहून मोठा) लिहून घ्या.